भ आणि म यांच्यातली काडी

अमरावतीच्या बाजारात मी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. त्यामुळे कुणाचं अक्षर वाकडं दिसलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो. हल्लीची पोरं चार दिवस कुंचला धरतात आणि लगेच पेंटर म्हणून मिरवतात. ‘भ’ काढतात तो ‘म’ वाटतो, ‘ध’ काढतात तो ‘घ’ वाटतो. विचारलं तर म्हणतात, काका, लोक समजून घेतात. लोक काही समजून घेत नाहीत. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात एका काडीचा फरक असतो, आणि त्या एका काडीपायी याच गावात एक धडधाकट माणूस जिवंतपणी मेला होता. त्याला मारणारी माझ्या आईची मावशी. मनकर्णा तिचं नाव. मला तिचा अभिमान वाटतो, आणि त्याचं कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

मी तिला पाहिलं ते तिच्या म्हातारपणी. अंगानं काडीपैलवान, जीभ मात्र तिखट. मी रंगवलेल्या पहिल्या पाटीसमोर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “तुह्या ‘क’ले पोटशूळ झाला काय रे?” त्या दिवशी मी ती पाटी खरवडून पुन्हा रंगवली. पुढचं सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलं आहे, एकदा नव्हे, पन्नासदा. एका शब्दाचाही फरक तिनं कधी केला नाही.

तिचा बाप देवीदास, दर्यापूरकडच्या एका खेड्यातला माळी. मळ्यात वांगी, मेथी, सणासुदीला झेंडू. गावात महानुभावांचा एक लहानसा मठ होता. पावसाळ्यात मळ्याचं काम सुटलं की देवीदास मठात जाऊन पोथ्यांच्या नकला करी. माळ्याच्या हाताला हा नाद कुठून लागला म्हणून गाव हसत असे. मठात एक फार जुनी पोथी होती. देवगिरीला राजे होते तेव्हाची, असं सगळे सांगत. तिचं अक्षर पाहिलं की देवीदास जेवण विसरायचा. उभ्या रेघा ठसठशीत जाड, तिरप्या रेघा केसासारख्या बारीक. कान्याचा पाय खाली तिरपा छाटलेला. वेलांटी अशी ऐसपैस की शेजारच्या अक्षरावरून हात फिरवून यायची. देवीदासानं बोरूचं टोक रुंद कापून ते अक्षर हातात बसवलं, आणि मग पोथीच्या बाहेर काढून ते हातभर मोठं केलं. घराच्या भिंतीवर, बैलगाडीच्या फळीवर, देवळाच्या दारावर. गावात त्याला ‘मठाचं अक्षर’ म्हणू लागले. हे वाचायचं अक्षर नव्हे, हे मिरवायचं अक्षर. चार शब्दांच्या वर लिहिलं तर डोळे शिणतात, पण चारच शब्द लिहिले तर लांबून येणारा माणूस थबकतो. मी आजही लग्नाच्या मांडवावर आणि दुकानाच्या कपाळावर तेच काढतो.

मग अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना. आमच्या काळ्या मातीतला कापूस एकाएकी लाडका झाला. कालपर्यंत चिंधीचा धनी असलेला माणूस बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून फिरू लागला. अशा नव्यानं वर आलेल्यांत एक होता जानराव. अमरावतीला त्यानं वखार टाकली. तिथं कापूस तरटात ठासून त्याच्या गासड्या बांधायच्या आणि त्या अकोल्यावरून मुंबईला पाठवायच्या, असा त्याचा धंदा. प्रत्येक गासडीवर धन्याचं नाव उमटवावं लागे. बाकीचे लोक कसंबसं फराटे ओढून देत. जानरावाला मात्र आपलं नाव लांबून ओळखू येईल असं हवं होतं.

त्यानं देवीदासाला गाठलं. देवीदासानं पितळेच्या पत्र्यात छिन्नीनं अक्षरं कोरून आरपार काढली: ‘जानराव उमरावती’. अमरावतीला तेव्हा उमरावती म्हणत. पत्रा तरटावर ठेवायचा आणि जवसाच्या तेलात खललेलं काजळ कुंचल्यानं वरून थोपटायचं. पत्रा उचलला की खाली नाव तयार. दोन महिने खपून त्यानं तो पत्रा केला. छिन्नीचं निम्मं काम मनकर्णेनं केलं होतं, कारण बापाचे डोळे अधू होत चालले होते. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं, पण ती त्या कामासाठी माहेरी येऊन राहिली.

पहिल्याच दिवशी जानरावाचा मुनीम चंद्रभान याच्या हातून पत्रा दगडावर पडला. ‘जानराव’मधल्या ‘न’चा पाय वाकला. ठोकून सरळ केला, तरी ‘न’ लंगडा तो लंगडाच राहिला. पाय किंचित बाहेर फेकलेला. देवीदास म्हणाला, नवा करून देतो. जानरावाला तेवढा धीर नव्हता. तो म्हणाला, “चालते. तुह्याशिवाय कोन पाह्यते त्याले?” हे वाक्य मावशी नेहमी दोनदा सांगायची.

वर्षभरात ते अक्षर मुंबईपर्यंत नावाजलं. माल न उघडता लोक नावावर सौदा करू लागले. आणि माल न उघडता सौदा होतो म्हटल्यावर जानरावाला जे सुचायचं तेच सुचलं. गासडीच्या पोटात ओला कापूस, सरकी आणि आपल्या काळ्या मातीची ढेकळं. मुंबईत चाळीस गासड्या फुटल्या आणि बोभाटा झाला. तरटासकट पुरावा अमरावतीच्या कचेरीत परत आला.

जानराव साहेबापुढं हात जोडून म्हणाला की हा माल माझा नाहीच. त्या माळ्यानं माझ्या पत्र्याची दुसरी जोडी करून कुणा ठगाला दिली. शिपाई देवीदासाच्या घरी गेले, तर तिथं कागदावर काढलेले ‘जानराव उमरावती’चे नमुने सापडले. सापडणारच. कुठलाही कारागीर आपला नमुना जपून ठेवतो. पण कचेरीला तेवढं पुरलं.

देवीदास एकच गोष्ट सांगत राहिला. “न पाहा जी. माह्या कागदावर न सरळ हाये. दुसरा पत्रा केला असता तं तो कागदावरून केला असता, न सरळ आला असता. या तरटावर न लंगडा हाये. हा त्याहीच्याच पत्र्याचा न हाये.”

इतकं सोपं होतं. पण साहेबाला मराठी अक्षर ओळखू येत नव्हतं, आणि कारकुनाची सगळी हयात मोडी खरडण्यात गेली होती. बाळबोध ‘न’ लंगडा आहे की सरळ, याची त्याला काय पडलेली? तो हसून म्हणाला, “न म्हंजे न. त्याले काय पाहाचं?” देवीदासाला तीन महिने तुरुंग झाला.

तो सुटून आला तेव्हा मठात त्याची एक पोथी अर्धवट पडून होती. म्हणजे अर्धवटही नव्हे. फक्त शेवटचं पान राहिलं होतं. पोथी पुरी झाली की शेवटी नक्कल करणाऱ्यानं आपलं नाव, गाव आणि तिथी लिहायची, जसं दिसलं तसं लिहिलं एवढं सांगायचं आणि हातून झालेल्या चुकीची क्षमा मागायची, असा रिवाज. आणि तिथलाच दुसरा रिवाज असा की डाग लागलेल्या हातानं तिथं नाव लिहायचं नाही. महंत म्हणाले, तुझा डाग आम्ही मानत नाही, लिही. देवीदासानं मान हलवली. त्यानं बोरू मठाच्या उंबऱ्यावर ठेवला आणि घरी आला. आठ महिन्यांत तो गेला. शेवटच्या तापात त्याच्या तोंडी देवाचं नाव नव्हतं. “न पाहा कोनीतरी,” एवढंच तो म्हणत होता.

मावशी रडली नाही. तिला रडण्याइतका वेळच नव्हता, असं ती सांगे. खटला संपल्यावर कचेरीच्या अंगणात त्या गासड्यांचं तरट टाकून दिलेलं तिनं पाहिलं होतं. नाव उमटलेला एक तुकडा तिनं शिपायाकडून मागून घेतला. त्यावर कचेरीचा शिक्का होता. त्याची गुंडाळी करून तिनं बियाण्याच्या मडक्यात ठेवली. बियाणं पुढच्या हंगामासाठी राखतात, तशी तिनं ती राखली. जानरावाचा सत्यानाश करायचा आणि बापाचं नाव त्या शेवटच्या पानावर लिहायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिच्या डोक्यात दुसरं काही राहूच शकत नव्हतं, आणि ती ते लपवतही नसे.

खटल्याला दोन वर्षं झाली. मावशी नवऱ्याबरोबर अमरावतीला राहत होती. नवरा नत्थुजी भाजी आणि फुलं विकायचा. भित्रा, पण मनाचा चांगला माणूस. तेवढ्यात मुंबईच्या घेणाऱ्यांनी नवा हट्ट धरला. भेसळीला ते कंटाळले होते. माल कुणी भरला हे प्रत्येक गासडीवर स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, नाहीतर माल परत. जानरावाला नावाच्या वर एक शब्द वाढवायचा होता, आणि तोही त्याच अक्षरात, कारण बाजार नाव वाचत नव्हता, वळण ओळखत होता. त्यानं परतवाड्याहून एक कारागीर आणला. त्याचं अक्षर देवीदासाच्या अक्षराशेजारी ठेवलं, तर हत्तीशेजारी बोकड उभा केल्यासारखं दिसू लागलं. शेवटी चंद्रभाननं सांगितलं, माळ्याची पोर इथंच राहते, तिच्या हातात बापाचं वळण आहे.

जानराव स्वतः तिच्या दारात आला. भाजीच्या पाट्या ओलांडून त्यानं खाटेवर बैठक मारली.

“तू देवीदासाची पोर ना?”

“हो जी.”

“झालं गेलं इसरून जाय. चूक तुह्या बापाची व्हती, तुही नाई. माह्या मनात काई नाई. म्या त्याले माफ केलं.”

हे ऐकून माझ्या अंगाचा आजही तिळपापड होतो. ज्यानं घर बुडवलं तोच येऊन माफी वाटतो. मावशीनं मात्र खाटेजवळची भाजीची पाटी बाजूला सरकवली.

“काय कोराचं हाये?” तिनं विचारलं.

“भरला. एकच शब्द. वरतं ‘भरला’, खालतं माहं नाव.”

मावशी म्हणायची, तो शब्द कानावर पडला आणि तिला बाप आठवला. छिन्नी धरायला शिकवताना त्यानं सांगितलेली गोष्ट आठवली. मठाच्या अक्षरात ‘भ’ आणि ‘म’ यांची अंगकाठी अगदी एक. डावीकडे तीच गाठ, उजवीकडे तीच उभी रेघ. फरक फक्त डोक्यावर. ‘म’च्या डोक्यावरची रेघ सलग, ‘भ’च्या डोक्यावरची रेघ मध्ये तुटलेली. पत्र्यात कोरताना जेवढं कापून काढाल तेवढं काळं उमटतं. म्हणून ‘भ’च्या डोक्यावर पितळेचा एक बारीक तुकडा न कापता ठेवायचा. त्याला देवीदास काडी म्हणे. “काडी ज्वारीच्या दान्याएवढी जाड ठेवजो पोरी,” त्यानं बजावलं होतं. “नाईतं कुंचल्याच्या मारानं झिजते, मोडते, आन् भ चा म होते.”

आणि ‘भरला’चं काय होतं?

पुण्याकडच्या लोकांना इथं थोडं थांबून सांगावं लागेल. त्यांच्याकडे माणूस मेला असं म्हणतात. आमच्या वऱ्हाडात माणूस मरला असं म्हणतात.

“करून देतो,” मावशी म्हणाली. “पन जुना पत्रा मले आनून द्या. नवी ओळ त्यालेच झाळून जोळून देतो. दोन पत्रे वेगळाले ठेवसान तं ओळ वाकडी येईन.”

जानराव गेल्यावर नत्थुजी तिच्या मागं लागला. “अवो, काहून घेतलं त्याचं काम? ज्यानं तुह्या बापाले मारलं, त्याच्या घरची वीटबी नोको आपल्याले.”

“वीट नाई,” ती म्हणाली. “काडी हाये.”

दुसऱ्या दिवशी चंद्रभान पत्रा घेऊन आला. तो गेल्यावर तिनं दार लावलं, मडक्यातली गुंडाळी काढली आणि तरटावरच्या नावावर पत्रा ठेवला. अक्षरावर अक्षर बसलं. ‘न’चा लंगडा पाय पत्र्यातल्या लंगड्या पायात चपखल गेला. तेव्हा मात्र ती रडली. बाप खरं बोलत होता हे तिला ठाऊक होतंच, पण ठाऊक असणं वेगळं आणि डोळ्यांसमोर असं जुळलेलं पाहणं वेगळं. त्याच वेळी उठून कचेरीत का गेली नाहीस, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, “गेली असती तं जानराव म्हनला असता का पत्रा दोन वर्सं चोराजोळ व्हता, आता भेटला. पत्रा एकच व्हता, हे मले त्याच्या तोंडातून पाह्यजे व्हतं.”

तिनं ‘भरला’ कोरला. माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, त्या ‘भ’सारखा ‘भ’ मी दुसरा पाहिला नाही. जाड रेघ ठाम, गाठ भरदार, रेघेचा पाय बापासारखा तिरपा छाटलेला. ‘र’ आणि ‘ल’ यांच्यात पत्रा सांधून धरणाऱ्या काड्या तिनं ज्वारीच्या दाण्याएवढ्या ठेवल्या. ‘भ’ची काडी मात्र कानशीनं घासत घासत गव्हाच्या कुसळाएवढी बारीक केली. एका रद्दी पत्र्यावर तसलीच काडी करून ती किती वेळा उमटवल्यावर मोडते, हे तिनं मोजलं होतं. साडेचारशेच्या आसपास मोडत होती. म्हणजे जानरावाला आधी चारशे गासड्या नीट उमटवू द्यायच्या. त्याचा विश्वास बसू द्यायचा. घाई करणाऱ्याचा सूड कच्चा राहतो, हे तिचं ठाम मत होतं.

पत्रा पाहून जानराव खूश झाला. भर बाजारात म्हणाला, बाप चोर होता पण पोरीच्या हातात लक्ष्मी आहे. मावशीनं मान खाली घातली आणि मेथीच्या जुड्या बांधत राहिली.

काडी मोडली ती माघात, भर हंगामात. कुंचलेवाल्या गड्यांना अक्षरओळख नव्हती. चंद्रभानला मोडीशिवाय काही येत नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वखारीत दोनशे गासड्यांवर काळंकुट्ट, हातभर, देखणं अक्षर उमटलं: ‘मरला जानराव उमरावती’. दुसऱ्या दिवशी गाड्या अकोल्याला निघाल्या.

अकोल्याच्या बाजारात भगवंतराव म्हणून एक अडत्या होता. तो जानरावाचा व्याही. जानरावाची मुलगी पार्वता त्याच्या घरात दिलेली. गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि भगवंतरावानं पहिली गासडी वाचली. मग दुसरी. मग त्यानं डोक्याचा फेटा काढून हातात घेतला. गाडीवान भाड्याचे होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, आमाले फक्त माल दिला. भगवंतरावाला वाटलं, जानरावाच्या पोरांनी हुशारी केली. बाप गेल्याचं व्यापाऱ्यांना माल हाती घेण्याआधीच कळावं, उद्या कुणी फसवलं म्हणू नये, म्हणून मालावरच लिहून पाठवलं. आणि एवढ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं खोटं असेल, असं तेव्हा कुणाला वाटत नसे.

घरात रडारड झाली. दोन छकडे जुंपले. मूर्तिजापूरला आणखी नातेवाईक चढले, कारण भगवंतराव वाटेत भेटेल त्याला सांगत चालला होता. तिसऱ्या दिवशी वीस-पंचवीस माणसं अमरावतीला जानरावाच्या दारात उतरली. बाया छकड्यातूनच सूर लावून आल्या. पार्वता सगळ्यांच्या पुढं, ऊर बडवत, “माह्या बापा, मले टाकून कुठी गेला रे बापा” म्हणत ओसरीवर येऊन पडली.

ओसरीवर जानराव जेवत होता. भाकरीचा घास तोंडात तसाच राहिला.

“कोन गेलं?” तो म्हणाला.

अख्खी गल्ली गोळा झाली होती. पार्वतेनं वर पाहिलं आणि तिची शुद्ध हरपली. भगवंतराव लाल झाला. एवढ्या लांबून माणसं रडत आणली आणि मेलेला माणूस ठेचा-भाकरी खातो आहे. तो फक्त म्हणाला, “जानरावजी, पुढच्या खेपेले मरसान तं स्वतः सांगाले याजो.” आणि पाणीही न पिता छकडा फिरवून निघून गेला.

मावशी समोरच्या कोपऱ्यावर भाजीची पाटी घेऊन बसली होती. ती सांगायची, त्या दिवशी तिची मेथी विकली गेली नाही आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

हसण्यावारी गेलं असतं तर जानराव निभावून गेला असता. पण तिकडे अकोल्याला घेणारे अडून बसले. ठरलेली खूण ‘भरला’, आलेली खूण ‘मरला’. माल जानरावाचा कशावरून? मागं एकदा याच्याच नावाचा बनावट पत्रा निघाला होता ना? त्यानंच सांगितलं होतं. मग हा तिसरा कशावरून नसेल? कचेरीतून खातरी आणा, नाहीतर माल न्या. इकडं भाव रोज कोसळत होते, कारण अमेरिकेतली लढाई थांबल्याची कुजबुज सुरू झाली होती. दोनशे गासड्या अकोल्याच्या धुळीत उघड्या पडल्या.

जानराव कचेरीत धावला. साहेब आता नवा होता, आणि त्याला एक चांगली खोड होती. तो मराठी शिकत होता. शिकणारा माणूस प्रत्येक अक्षराच्या अंगावरून बोट फिरवून पाहतो. ज्याला येतं तो पाहतच नाही. कारकून मात्र जुनाच होता.

“हा माल माहाच हाये,” जानराव म्हणाला. “हा पाहा पत्रा. काडी मोडली, बाकी काई नाई. पयल्या दिवसापासून हाच एक पत्रा हाये. माह्या वखारीच्या कुलपाबाहीर तो एकदाच गेला, तो ओळ झाळाले. याची दुसरी जोडी ना कोनी केली, ना कोनाले जमन.”

कारकुनानं ते लिहून घेतलं. साहेबानं विचारलं, पत्रा कुणी केला? तेव्हा मावशीला बोलावणं गेलं. ती काखेत गुंडाळी घेऊन आली.

साहेबानं मोडक्या मराठीत विचारलं, काडी का मोडली? मावशी म्हणाली, “कुंचल्यानं झिजते जी. माहा बाप सांगे.” यात एकही शब्द खोटा नव्हता. मग तिनं गुंडाळी उलगडून टेबलावर पसरली. कचेरीचा जुना शिक्का वर आला.

“हे काय?” साहेब म्हणाला.

“ढेकळं निघाले व्हते त्या गासडीचं तरट. याच कचेरीतलं. आता हे म्हनले का पत्रा एकच हाये आन् दुसरा कोनी केलाच नाई. तं हे नाव कायनं उमटलं, तेवढं पाहून घ्या. न पाहा जी.”

साहेबानं पत्रा उचलून तरटावर ठेवला. बोट ‘ज’वरून निघालं आणि ‘न’वर येऊन थांबलं. त्यानं कारकुनाला जवळ बोलावलं आणि त्याचंही बोट तिथं ठेवायला लावलं. कारकुनाचं बोट लंगड्या पायावरून बाहेर वळलं. जानराव दोन्हीकडून अडकला होता. पत्रे दोन होते म्हणावं तर अकोल्याचा माल जातो, एकच होता म्हणावं तर मातीची ढेकळं गळ्यात येतात. आणि एकच होता हे तर तो आपल्या तोंडानं लिहून देऊन बसला होता.

त्याला सहा महिने तुरुंग झाला. देवीदासाचा दोष नव्हता, असं कचेरीच्या कागदावर चढलं. भरपाई काय हवी, असं साहेबानं विचारलं, तेव्हा मावशीनं दोन गोष्टी मागितल्या. एक, देवीदासाचा दोष नव्हता हे वाक्य मोडीत नको, बाळबोधात लिहा. दुसरी, तो पत्रा. कारकुनाला बाळबोध लिहायला बसवलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला होता, हे सांगताना म्हातारपणीही तिचे डोळे चमकत. पत्रा आता माझ्याकडे आहे, दुकानात खिळ्याला टांगलेला.

सुटून आल्यावर जानराव वीस वर्षं जगला, पण गावानं त्याला पुन्हा जिवंत होऊ दिलं नाही. ‘मरला जानराव’ हेच त्याचं नाव पडलं. तो रस्त्यानं जाताना कुणीतरी हळूच म्हणायचं, भरला का मरला? वखार बंद झाली. एके दिवशी तो खरोखरच गेला आणि अकोल्याला निरोप धाडला, तर भगवंतरावानं निरोप्याला दारातूनच परत लावलं. म्हणाला, एकदा रडून झालं आमचं. पार्वतेनं पदर तोंडाला लावला, पण ती निघाली नाही. तिरडीला चौथा खांदा मिळायला दुपार झाली. हे ऐकून तुला थोडंही वाईट वाटलं नाही का, असं मी मावशीला विचारलं होतं. ती म्हणाली, पार्वतेसाठी वाटलं.

पण एक सांगायचं राहिलं. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दर्यापूरच्या वाटेनं मठात गेली. महंतांनी ती पोथी काढून दिली आणि देवीदासानं उंबऱ्यावर ठेवलेला बोरूही. त्यांनी तो जपून ठेवला होता. मावशीनं शेवटचं पान पुढं घेतलं आणि बापाच्या वळणानं लिहिलं: हे देवीदास माळ्यानं लिहिलं. मग गाव, मग तिथी. मग, जसं दिसलं तसं लिहिलं. आणि बोरू खाली ठेवला.

महंतांनी पान वाचलं. “पोरी, क्षमा मागाची ओळ राह्यली,” ते म्हणाले.

“राह्यली नाई, महाराज,” मावशी म्हणाली. “बापाच्या हातून चूक झाली नाई, आन् माह्या हातून झाली ते मुद्दाम केली.”

ती ओळ अजून कोरी आहे. मी जाऊन पाहून आलो.